गोचिडीचा चावा आणि मटणाचा घास

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला बाहेरच्या वक्त्या न बोलावता मंडळातल्याच चौघींनी आपापला अनुभव सांगावा असे कार्यकारिणीने ठरविले, आणि त्यात माझे नाव घातले. मी हात जोडून नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेर काटोल तालुक्यातले. गावातली शाळा सातवीला संपे. पुढे घर, शेत आणि गोठा. हळदीकुंकवाला चार शब्द बोलायचे म्हटले तरी माझा घसा कोरडा पडतो. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले तेवढेच सांगा. ते ऐकून एकीला जरी उपयोग झाला तरी पुरे." म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले पदरात घ्यावे.

माझा विषय आहे गोचीड. हसू नका. गोचीड मला नवी नाही. लहानपणी आम्ही भावंडे गोठ्यात बसून गाईच्या कानामागच्या गोचिडी काढायचो आणि राकेलच्या डब्यात टाकायचो. पण एवढासा हा किडा धडधाकट माणसाच्या ताटातले मटण कायमचे बंद करू शकतो, त्याच्या जिवावर उठू शकतो आणि एखाद्या घरातली माणसे एकमेकींपासून तोडू शकतो, हे मला चाळिशीनंतर कळले. आमच्याच घरात ते घडले. माझ्या सासूबाई समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगत आहे.

माझ्या मोठ्या नणंदबाई, आम्ही त्यांना ताई म्हणतो, वीस वर्षांपासून अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यात राहतात. घरामागे झाडी आहे. त्यांना बागेची फार हौस. मेथी, कोथिंबीर, वांगी लावतात. 2023 च्या धुळवडीला त्या माहेरपणाला आल्या. आपल्या नागपुरात धुळवडीला मटणाच्या दुकानापुढे सकाळपासून कशा रांगा लागतात ते तुम्हाला सांगायला नको. ताईंनी विमानात बसण्यापूर्वीच फोनवर सांगितले होते, "मला तुझ्या हातचे सावजी मटण पाहिजे." मी मसाला घरी भाजला, पाट्यावर वाटला, तेल सढळ हाताने घातले. सगळ्यांना वाढून ताई आणि मी दुपारी तीनला जेवायला बसलो. ताईंनी दोन वेळा रस्सा मागून घेतला. मला धन्य वाटले.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ताईंच्या तळहातांना खाज सुटली. मग पोटऱ्या, मग पाठ. पाहता पाहता अंगभर रुपयाएवढ्या लाल गांधी उठल्या. ओठ सुजले, पोटात कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि म्हणाले, "खाण्यात काहीतरी आले असेल." पण खाण्यात काय आले? त्याच भांड्यातले आम्ही नऊ जण जेवलो होतो. आठ जणांना काही नाही आणि ताईंनाच एवढे कसे? सासूबाईंनी मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून टाकल्या आणि मला विचारले, "काय चारलं वो माह्या लेकीले?" मी म्हटले, "जे आपण सगळ्यांनी खाल्ले तेच."

चार दिवस खिचडी झाली. ताईंना अशक्तपणा आला होता. पाचव्या दिवशी मला वाटले, अंगात ताकद यावी म्हणून पायाचा रस्सा करून द्यावा. रात्री साडेआठला ताईंनी वाटीभर घेतला. मध्यरात्री एक वाजता त्यांनी मला हाक मारली. गांधी तर होत्याच, पण या वेळी आवाज बसला होता, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि न्हाणीकडे जाताना त्या भोवळ येऊन पडल्या. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब फार खाली गेला होता. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले आणि ताई वाचल्या.

भगिनींनो, खरा त्रास पुढे आहे. आमच्या घराच्या हिश्श्याची बोलणी त्याच महिन्यात निघाली होती. ताईंची सही लागणार होती. दोनदा माझ्याच हातचे खाऊन ताई दोनदा आजारी पडल्या. लोकांनी दोनावर दोन ठेवून चार केले. माझ्या तोंडावर कोणी काही बोलले नाही. पण नळावर मी गेले की बोलणे थांबायचे. आपल्या मंडळातल्या भिशीलाही मी नेलेल्या चिवड्याला दोघी-तिघींनी हात लावला नाही. मी कोणाचे नाव घेत नाही आणि राग तर मुळीच नाही. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केले असते. सासूबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा आपल्याकडे घेतला. त्या मला वाईट शब्द बोलल्या नाहीत, पण माझ्या हातचा चहाही घेईनात. ताई जाताना मला गळामिठी मारून गेल्या, तरी मला त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही. मी मटण करणेच सोडले. रात्री पडल्या पडल्या एकेक जिन्नस आठवायची. दगडफूल खराब होते का? तेल कोणते होते? भांड्याला कल्हई होती ना? स्वतःवरचाच विश्वास उडाला की बाईजवळ काय उरते?

पुढे त्याच वर्षी जुलै महिन्याच्या 27 तारखेला अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने एक अहवाल प्रसिद्ध केला. ताईंनी ती बातमी ऐकली आणि डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घेतले. निकाल आला त्या दिवशी त्यांनी पहाटे पाचला मला फोन केला. पहिलेच वाक्य असे, "अगं, तुझ्या मटणात काही नव्हतं. मला गोचीड चावली होती."

मला वाटले, ताईंचे डोके फिरले. मग माझ्या मुलाने, तो विज्ञान शाखेला आहे, सगळे वाचून मला मराठीत समजावले आणि मी ते वहीत उतरवून घेतले. त्या वहीतूनच आता सांगते.

बकरी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर, ससा, या दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या मांसात एक प्रकारची साखर असते. तिचे नाव अल्फा-गॅल. ती चहात घालायची साखर नव्हे. जिभेला गोड लागत नाही. माणसाच्या शरीरात ती नसते. चिंपांझी-गोरिला यांच्यातही नसते आणि आपल्या गच्चीवर येणाऱ्या काळतोंड्या वानरांतही नसते. आपण जन्मभर मटण खातो, दूध पितो, तेव्हा ही साखर पोटाच्या वाटेने येते आणि शरीर तिला मुकाट्याने घेते. परंतु काही जातींच्या गोचिडी चावतात तेव्हा त्यांच्या लाळेतून हीच साखर कातडीच्या वाटेने आत जाते. तेथे शरीर तिला शत्रू समजते. दारातून आला तो पाहुणा, भिंत फोडून आला तो चोर, तसेच हे. एकदा चोर म्हणून ओळख पटली की मग तो दारातून आला तरी शरीर काठी घेऊन धावते. अंगावर गांधी, सूज, उलट्या, जुलाब, दमा, भोवळ, ही सगळी त्या काठीची करामत.

आता कोणी विचारील की मग मटण खाल्ल्याबरोबर त्रास का होत नाही? यातच तर सगळी फसगत आहे. शेंगदाणा किंवा कोळंबी एखाद्याला सोसत नसेल तर बहुधा अर्ध्या तासात कळते. या रोगात मात्र साधारण 2 ते 6 तास जातात. ही साखर चरबीबरोबर असते आणि चरबी पचून रक्तात पोचायला वेळ लागतो, असे डॉक्टर त्याचे कारण सांगतात. म्हणून दुपारी तीनचे मटण साडेसातला अंगावर आले आणि साडेआठचा रस्सा रात्री एकला. चरबी जितकी जास्त तितका धोका जास्त. मी ताईंवर माया म्हणून तेला-चरबीचा तवंग असलेला रस्सा वाटीत ओतला होता!

हा शोध कसा लागला तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत कर्करोगावर सेटुक्सिमॅब नावाचे एक औषध देत. ते उंदराच्या पेशींत तयार होई, म्हणून त्यात ही साखर होती. बहुतेक ठिकाणी ते औषध नीट लागू पडे. पण टेनेसी आणि उत्तर कॅरोलिना या राज्यांत 100 पैकी 22 रोग्यांना पहिल्याच सलाइनला जीवघेणी ॲलर्जी झाली, हे 2007 साली उघड झाले. औषध एकच, मग या भागातल्या माणसांतच असे काय? व्हर्जिनिया विद्यापीठातील डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त तपासले. या लोकांच्या शरीरात अल्फा-गॅलविरुद्धची तयारी औषध देण्याच्या आधीपासूनच होती. 2008 साली त्यांनी हे छापले. 2009 साली त्यांनी 24 रोग्यांची हकीकत दिली, ज्यांना मांस खाल्ल्यावर काही तासांनी गांधी उठत. या भागात गोचिडी भारी. स्वतः प्लॅट्स-मिल्स यांना रानात फिरताना गोचिडी चावल्या आणि पुढे मांस खाल्ल्यावर त्यांच्याही अंगावर गांधी उठल्या. गोचीड आणि मांस यांचा संबंध त्यांनी 2011 साली मांडला.

तिकडे ऑस्ट्रेलियात सिडनी शहरातील डॉ. शेरिल व्हॅन नुनेन या बाईंच्या हे आधीच ध्यानात आले होते. त्यांच्याकडे मांस न सोसणारे रोगी येत आणि त्या प्रत्येकाला गोचीड चावल्याचे विचारीत. 2009 साली त्यांनी 25 रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातील 24 जणांना गोचीड चावलेली होती. मला या बाईंचे फार कौतुक वाटते. त्यांनी रोग्याचे बोलणे खोटे मानले नाही, ऐकून घेतले आणि लिहून ठेवले. पुढे युरोपात, जपानात, दक्षिण आफ्रिकेतही असे रोगी सापडले. प्रत्येक मुलखातली गोचीड निराळी. अमेरिकेतल्या मुख्य जातीच्या मादीच्या पाठीवर एक पांढरा ठिपका असतो. तिची पिल्ले मात्र खसखशीएवढी. अंगावर चढली तरी दिसत नाहीत.

ताईंचेही तसेच झाले होते. 2022 च्या उन्हाळ्यात बाग निंदताना त्यांच्या घोट्यांना बारीक बारीक चावे आले. तीन-चार आठवडे खाज गेली नाही. त्यांनी डास समजून सोडून दिले. त्यानंतर दोनदा मेजवानीहून आल्यावर रात्री अंगावर गांधी उठल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, "तुमच्या मनावर ताण आहे." बाईमाणसाचे दुखणे म्हटले की मनाचा ताण, हे इकडेही आणि तिकडेही! एरवी त्या घरी कोंबडी आणि मासेच करीत, म्हणून रोज काही होत नसे. जुलैच्या त्या अहवालात लिहिले होते की 2010 ते 2022 या काळात अमेरिकेत 1 लाख 10 हजारांवर संशयित रोगी आढळले आणि खरा आकडा 4 लाख 50 हजारांपर्यंत असू शकेल. ज्या डॉक्टरांना विचारले त्यांपैकी 100 पैकी 42 जणांनी या रोगाचे नावही ऐकले नव्हते. मग नागपुरातल्या सातवी शिकलेल्या बाईला आणि तिच्या सासूला ते कसे माहीत असावे?

हा रोग हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 2024 साली अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यात एक निरोगी गृहस्थ गोमांस खाल्ल्यावर चार-साडेचार तासांत मरण पावले. शवचिकित्सेत कारण सापडेना. त्यांच्या पत्नीने धीर सोडला नाही. ओळखीच्या डॉक्टरबाईंमार्फत विचारणा चालू ठेवली. तेव्हा जपून ठेवलेले रक्त व्हर्जिनियाला तपासले गेले आणि उत्तर मिळाले. 2025 च्या नोव्हेंबरात ते प्रसिद्ध झाले. दोन आठवडे आधी याच गृहस्थांना रात्री मांस खाऊन पहाटे दोनला पोटात भयंकर कळा आल्या होत्या. ती सूचना होती. पण ती वाचणार कोण? हे मुलाने वाचून दाखविले तेव्हा मला आमची ती एक वाजताची हाक आठवली आणि अंगावर काटा आला.

आता चार उपयोगाच्या गोष्टी सांगते.

पहिली. कोणाच्या अंगावर अचानक गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास होऊ लागला किंवा भोवळ आली तर ओवाळणे, लिंबू-साखर, घरचा काढा यात वेळ घालवू नका. आमचा अर्धा तास त्यात गेला. माणसाला आडवे निजवून तडक दवाखान्यात न्या. श्वास लागत असेल तर टेकून बसवा. ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच त्यावरचा खरा उपाय.

दुसरी. दुखणे उठले की शेवटचा घास कोणता एवढेच पाहू नका. मागच्या सहा-आठ तासांत काय खाल्ले, कोणते औषध घेतले, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. कोणता किडा चावला होता का, रानात-गवतात कधी गेला होतात, तेही सांगा. अल्फा-गॅलसाठी रक्ताची वेगळी तपासणी असते.

तिसरी. ज्याला हा रोग आहे त्याला कोंबडी, मासे, कोळंबी, अंडी चालतात. त्यांत ही साखर नसते. बकरी, मेंढी, डुक्कर आणि इतर दूध पाजणारे प्राणी वर्ज्य. काहींना दूध-तूपही सोसत नाही. ताईंना सुदैवाने दूध-दही चालते. औषधाच्या कॅप्सूलचे कवच बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे असते, म्हणून तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे लागते. पुन्हा गोचीड चावू दिली नाही तर काही जणांचा हा रोग वर्षांनी उतरतो. मात्र आपल्या मनाने चव घेऊन पाहायची नाही.

चौथी गोष्ट खुद्द गोचिडीची. आम्ही लहानपणी करायचो तसे करू नका. अंगाला चिकटलेल्या गोचिडीवर राकेल ओतणे, उदबत्तीचा चटका देणे, तेल चोपडणे, नखाने चिरडणे, हे सगळे चुकीचे. त्याने ती आणखी लाळ सोडण्याचे भय असते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरावी, न पिळता सरळ वर ओढावी, मग जागा साबणाने धुवावी. घरच्या कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या आठवड्यातून एकदा पाहाव्यात आणि औषध गुरांच्या डॉक्टरांना विचारून लावावे.

आपल्या मुलखात किडा चावून होणारे दुसरे ताप आहेत, तेही ध्यानात ठेवा. 2016 साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्गाकडे गोचिडीमुळे माकडतापाची साथ आली होती. काजूच्या बागेत, रानात जाणारी माणसे त्यात दगावली. 2018 साली आपल्या नागपुरात आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रोगी निघाले. तो गोचिडीने नव्हे, गवतातल्या तिच्याहूनही बारीक किड्याच्या पिल्लाने होतो. चावलेल्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते. म्हणून पावसाळ्यात गवत कापताना, निंदताना पाय झाकावेत, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, अंघोळ करावी आणि मुलांचे कानामागे, काखेत, कमरेला पाहावे. हे काम आपण आयांनी केले नाही तर कोण करणार?

आता शेवटचे सांगते आणि बसते.

ताईंचा फोन आला त्या दिवशी सासूबाई देवघरात होत्या. मी त्यांना सगळे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग उठून स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "चहा मांड वो. आज तुह्या हातचा घेतो." चार महिन्यांनी माझ्या हातचा चहा त्या प्यायल्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "माह्याकडून चुकलं पोरी." मी म्हटले, "तुमची लेक मरणाच्या दारातून आली होती, आई. कोणाच्याही मनात आले असते."

2024 च्या डिसेंबरात ताई पुन्हा आल्या. मी त्यांच्यासाठी कोंबडीचा सावजी रस्सा केला. भांडे वेगळे, पळी वेगळी, तेल वेगळे. घरच्यांसाठी दुसऱ्या चुलीवर मटण होते. सासूबाई दोन्ही चुलींच्या मध्ये पाट टाकून बसल्या आणि इकडची पळी तिकडे जाऊ देईनात. माझा धाकटा दीर चव घ्यायला आला तर त्याच्या हातावर चापट बसली! ताई पोटभर जेवल्या. रात्री एक वाजेपर्यंत आम्ही तिघी जाग्याच होतो. काही झाले नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "आता झोपा."

भगिनींनो, माझे सांगणे एवढेच. एखाद्या बाईच्या हातचे खाऊन कोणाला बाधले तर आधी तिच्या मनात काय असेल ते शोधू नका. खाणाऱ्याच्या अंगात काय घडले असेल ते शोधा. आणि एखादी बाई म्हणाली की मला अमुक खाल्ले की रात्री त्रास होतो, तर तिला नखरे म्हणू नका. तिचे ऐकून घ्या, वहीत लिहून ठेवा. औषध नंतरही देता येईल, पण आधी ऐकून घ्यायला हवे.

आज मी घरून चिवडा करून आणला आहे. चहाबरोबर सर्वांनी घ्यावा.